माझा एक मित्र आहे, दुसऱ्या कंपनीत

आमच्या कंपनीत फसवणुकीचे किस्से मशीनखालच्या लोखंडाच्या किसासारखे साठतात. सकाळी झाडून काढा, चहापर्यंत पुन्हा ढीग! आणि कीस निदान भंगारवाला तरी विकत घेतो. या किश्शांना माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं.

कंपनी चाकणला. दुचाकीच्या ब्रेकचे भाग बनवतो आम्ही. आकुर्डीच्या कॉलेजातून इंजिनीअर होऊन मी इथे क्वालिटीत ट्रेनी म्हणून लागले. थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की इथे जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी मोबाइलवरून गंडवलेलं आहे आणि तक्रार जवळजवळ कुणीच केलेली नाही. माझं डोकंच फिरलं. एक भाग केसभर चुकला तर आपण अख्खा लॉट अडवतो, आणि माणूस लुटला गेला तर "जाऊ दे ना राव"?

या "जाऊ दे ना राव"चा मला फार राग येतो. पुढचं सगळं त्या रागातून झालं.

*

सुरुवात वडापावने झाली.

आमच्याकडे मोबाइल आत न्यायला बंदी आहे. आत शिरताना गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, शिफ्ट सुटली की घ्यायचा. त्या लॉकरशेजारी मी एक क्यूआर कोड चिकटवला. वर मोठ्या अक्षरात, "स्कॅन करा, वडापाव फुकट!"

शिफ्ट सुटली आणि झुंबड उडाली. पहिला नंबर एचआर मॅडमचा!

स्कॅन केलं की एक पान उघडायचं: "फसलात! आता तक्रार कुठे कराल?" खाली उत्तरासाठी रिकामी चौकट. काहींनी लिहिलं, बँकेत. काहींनी, पोलिसात. एकाने, देवापुढे. बहुतेकांनी, कुठेच नाही. आणि एका प्रामाणिक माणसाने लिहिलं, "बायको सोडून कुठेही."

स्कॅन न करणारा एकच माणूस निघाला. गेटचे नाना. पलीकडच्याच गावचे. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक गेटपास आणि प्रत्येक लॉकर त्यांच्या नजरेखालून जातो.

मी विचारलं, "नाना, तुम्हाला वडापाव नको?"

"पोरी, कागद बघितल्याबिगर मी ट्रक आत घेत न्हाई. वडापाव कसा घेईन?"

दुसऱ्या दिवशी कँटीनवाला माझ्या नावाने शिमगा करत होता. काउंटरवर तिघे जण अडून बसले होते, "स्कॅन केलंय भाऊ, वडापाव दे!"

*

या गोंधळावर प्लांट हेड साहेब इतके हसले, की त्यांनी मला कँटीनमध्ये एक टेबल देऊन टाकलं. चहाच्या सुट्टीत तिथे बसायचं आणि फसलेल्यांना वाट दाखवायची. माझं नाव पडलं, तक्रार मॅडम.

वाट तशी सोपी आहे. पैसे गेले, की त्याच मिनिटाला सरकारच्या सायबर हेल्पलाइनला फोन. मग बँकेला. मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. ते जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात. हेल्पलाइनचा नंबर चार आकडी आहे. तो मी इथे लिहिणार नाही. बँकेत जा, पोलीस ठाण्यात जा, भिंतीवर असतो. तिथून घ्या, माझ्याकडूनसुद्धा घेऊ नका!

का? ते स्टोअरच्या सावंतांना विचारा.

सावंत मूळचे कोकणातले. मोसमात गावाहून हापूसच्या पेट्या मागवून विकतात. एका गिऱ्हाइकाने फोनवर ऑर्डर दिली आणि "पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा" म्हणून पाठवलं. सावंतांनी स्कॅन केला. यायचे ते गेले. (पैसे घेताना कधीच काही स्कॅन करायचं नसतं, पिनही टाकायचा नसतो. हे मी टेबलावर लिहूनच ठेवलंय.)

पण सावंत हुशार. त्यांनी ताबडतोब इंटरनेटवर तक्रारीचा नंबर शोधला. पहिला दिसला तो लावला. पलीकडच्या मुलाने सगळं शांतपणे ऐकलं आणि पैसे परत मिळण्यासाठी एक अॅप टाकायला सांगितलं. सावंतांनी टाकलं. खात्यात उरलेले होते, तेही गेले!

टेबलावर बसून कपाळाला हात लावत म्हणाले, "बाय माझे, पहिल्या रिंगला फोन उचलला. सगळा ऐकून घेतला. वर दोनदा सॉरी सर म्हटला. तेव्हाच माका कळूक होया होता, ही सरकारी हेल्पलाइन नाय!"

*

शिल्पाताई आमच्या लाइनच्या इन्स्पेक्टर, लातूरकडच्या. त्यांच्या नजरेतून ओरखडासुद्धा सुटत नाही. "बिल न भरल्याने आज रात्री वीज तोडली जाईल" असा मेसेज त्यांच्या नवऱ्याला आला आणि त्याने खालची लिंक दाबली.

मी म्हटलं, "ताई, घडलं ते सगळं नीट लिहून आणा. उद्या पोलीस ठाण्यात देऊ."

आता आमच्याकडे माल बिघडला की "का-का" करायची पद्धत आहे. बिघाड का झाला? त्याचं कारण का घडलं? असं पाच वेळा का विचारत मुळापर्यंत जायचं. ताईंनी तक्रार त्याच छापाची आणली.

पैसे का गेले? कारण लिंक दाबली. लिंक का दाबली? कारण वीज तोडतील अशी भीती वाटली. भीती का वाटली? कारण बिल भरलं नव्हतं. बिल का भरलं नव्हतं? कारण ते काम यजमानांकडे होतं. यजमानांकडे का होतं? कारण लग्नाच्या वेळी नीट तपासणी झाली नाही.

मूळ कारण: यजमान.

तातडीचा उपाय: मोबाइल जप्त. कायमचा उपाय: सासूबाईंची निरीक्षक म्हणून नेमणूक.

"ताई, हे पोलिसांना द्यायचंय!"

"मग? खोटं हाय का एक तरी वाक्य? ऐकायलेत का ते माझं?"

हवालदारांनी कागद वाचला. परत वाचला. मग आतल्या साहेबांना नेऊन दाखवला. आतून हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन ते म्हणाले, "बाई, मागच्या पानावर व्यवहाराचा नंबर, वेळ, कुणाच्या खात्यात गेले ते आणि मेसेजचा फोटो, सगळं जोडलंय. एवढं नीट कुणी आणत नाही. फक्त पहिलं पान घरी ठेवा."

*

ओंकार रोजच्या कंपनी बसमधला. एका सकाळी बसमध्येच त्याला व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी वर्दी, मागे झेंडा, टेबलावर फायली. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. तुम्हाला डिजिटल अटक करण्यात येत आहे. एका खोलीत एकटे बसा आणि कॅमेऱ्यासमोरून हलू नका!"

ओंकार म्हणाला, "साहेब, एकटा कसा बसू? बसमध्ये आहे."

तोवर अख्खी बस कॅमेऱ्यात शिरली होती. "साहेब, आम्हालाही घ्या की आत!" "साहेब, सेकंड शिफ्टला सुटका होईल का?" मागून कुणीतरी ओरडलं, "अटक करा, पण हजेरी लावा!"

वर्दीवाल्याने फोन कापला. बसमध्ये टाळ्या.

चहाला ओंकार हा किस्सा सांगत हिंडत होता. मी विचारलं, "त्या नंबरची तक्रार केलीस?"

"कशाला? मी कुठे फसलो?"

"अरे, न फसलेल्यानेच तर करायची! सरकारी पोर्टलवर संशयित नंबर कळवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"जाऊ दे ना मॅडम."

पुढच्या आठवड्यात त्याच वर्दीवाल्याने एका माणसाला दिवसभर खोलीत कोंडून ठेवलं आणि लुटलं. नंबर तोच. माणूस कोण? ओंकारचा घरमालक! आणि नुकसान भरून काढायला त्याने भाडं वाढवलं ते ओंकारचंच.

*

लगेच तक्रार करून काय होतं, हे मी टेबलावर सगळ्यांना माझ्या दादाचं उदाहरण देऊन सांगते.

दादा रावेतला राहतो, हिंजवडीला आयटीत आहे. एका संध्याकाळी कंपनीच्या कॅबमध्ये असतानाच त्याच्या कार्डावरून कुणीतरी पैसे उडवले. दादा एरवी अत्यंत आळशी, पण कॅब जॅममध्ये अडकली होती आणि करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. त्याने हेल्पलाइन लावली. लागेना, परत लावली. मग लागली. मग बँकेला सांगून कार्ड बंद केलं. पोर्टलवर तक्रार भरली, फोटो जोडले, तक्रार क्रमांकही आला. पैसे पुढच्या खात्यात होते तिथेच थांबले.

त्याने मान वर करून विचारलं, "कुठे आलो आपण?"

ड्रायव्हर म्हणाला, "कुठे येणार दादा? तोच सिग्नल."

*

आता बोर्डाचा किस्सा. ही कल्पना माझी होती. कृपया हसू नका.

गेटवर आतल्या बाजूला "अपघातमुक्त दिवस" असा मोठा बोर्ड आहे. रोज सकाळी नाना स्टुलावर चढून आकडा एकाने वाढवतात. अपघात झाला की शून्य. मी म्हटलं, शेजारी दुसरा बोर्ड लावू, "फसवणूकमुक्त दिवस". कुणी फसलं की शून्य. म्हणजे सगळे सावध राहतील!

साहेबांना कल्पना इतकी आवडली, की त्यांनी जाहीर करून टाकलं, "दसऱ्यापर्यंत शून्य झालं नाही, तर प्रत्येकाला प्रेशर कुकर!"

दुसऱ्या दिवसापासून माझं टेबल ओस पडलं. बोर्डाचा आकडा वाढतोय, तक्रार एक नाही. मी हवेत! वाटलं, चाकण सुधारलं.

मग हळूहळू लोक यायला लागले. इकडेतिकडे बघत, चहाचा कप तोंडासमोर धरून.

"मॅडम, माझा एक मित्र आहे. दुसऱ्या कंपनीत. त्याने कर्जाचं अॅप घेतलं होतं..."

"मॅडम, माझा पण एक मित्र आहे. दुसऱ्या कंपनीत. त्याला शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये..."

आठवडाभरात माझी खात्री झाली, की त्या दुसऱ्या कंपनीत बिनडोक माणसांचीच भरती करतात.

कहर केला तो पत्रे दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपने. त्यांच्यातला एक जण खरोखर फसला आणि माझ्याकडे यायला निघाला. बाकीच्यांनी त्याला वाटेत गाठलं. "भावा, कुकर घालवतोस का सगळ्यांचा?" आणि वर्गणी काढून त्याचं नुकसान भरून दिलं! चोराला पैसे मिळाले, याला पैसे मिळाले आणि बोर्डावर आणखी एक दिवस चढला. मी साहेबांकडे जाऊन बोर्ड काढा म्हणून भांडले. साहेब म्हणाले, "अगं, आता कस्टमरचं ऑडिट होऊ दे. दुचाकी कंपनीचे लोक प्लांट तपासायला येतायत. त्यांना दाखवायचाय."

*

ऑडिटच्या आदल्या दिवशी नाना बिघडलेले दिसले.

त्यांच्या घराचा स्लॅब टाकायचा होता. गावात स्लॅब म्हणजे सणच. भावकी जमते, मजुरांना जेवण असतं. महिनाभर नाना दुसरं काही बोलत नव्हते. त्या दिवशी मात्र स्लॅबचं नावच नाही. स्टीलचा ट्रक आला की पुढे जाऊन नंबर बघायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि मान हलवून परत यायचे.

"नाना, कुठला ट्रक शोधताय?"

"कुठला न्हाई."

मी तिथेच उभी राहिले. मला उभं राहता येतं, माझ्यात तेवढा एकच गुण आहे.

शेवटी बोर्डाकडे बघत म्हणाले, "माझा एक मित्र हाय. दुसऱ्या कंपनीत."

"तुमचा मित्र गेटवर असतो का?"

"व्हय."

सगळं बाहेर आलं. मोबाइलवर स्वस्त स्टीलची जाहिरात दिसली. आधी भरले तर आणखी सूट. नाना सहजी भरणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी कागद मागितले. पलीकडच्याने माल भरलेल्या ट्रकचा फोटो, ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि वाहतुकीची पावती असं सगळं पाठवलं. शिक्क्यासकट! नानांनी आदल्या दिवशी सकाळी कामावर येण्याआधी स्लॅबचे सगळे पैसे भरले. संध्याकाळी ट्रक आला नाही आणि फोनही बंद.

"पावती होती ना गं पोरी. शिक्का बी होता."

"नाना, आत्ताच्या आत्ता हेल्पलाइनला फोन करा! कालचंच आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, जितका उशीर तितके लांब."

"उद्या आडिट हाय. त्यो आकडा मलाच पुसायला लागंल. समद्यांचा कुकर जाईल माझ्यापायी. आन् गावात काय सांगू? गेटवरचा मानूस कागदाला फसला?"

"आणि स्लॅब?"

नाना म्हणाले, "शिफ्ट सुटली की करतो."

"आत्ता! मोबाइल काढा."

"शिफ्टमधी लॉकर उघडत न्हाई. गेटपास लागतो, त्यावर सही लागती."

"नाना, चावी तुमच्याच खिशात आहे!"

"चावी हाय. पास कुठं हाय?"

मी अक्षरशः पाय आपटले. नानांनी माझ्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. मग पासचं पुस्तक ओढलं आणि स्वतःच्या नावाचा पास फाडला. कारणाच्या जागी लिहिलं, "अपघात".

"अपघाताला सही लागत न्हाई," म्हणाले आणि लॉकर उघडला.

हेल्पलाइन लागेपर्यंत आम्ही दोघंही घामाने भिजलो. पलीकडच्या बाई विचारत गेल्या आणि नाना सांगत गेले. व्यवहाराचा नंबर, खातं, वेळ. पुढे न विचारता ट्रकचा नंबर, पावतीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, सगळं तोंडपाठ!

बाई म्हणाल्या, "काका, एवढी माहिती कुणीच देत नाही हो."

"गेटवर असतो मी, ताई. माहिती समदी पाठ हाय. पर समदी खोटी हाय!"

संध्याकाळी तक्रार क्रमांकावरून कळलं, की काही पैसे पुढच्या एका खात्यात अडवून ठेवलेत. काही निसटलेत. अडवलेले हातात यायलाही वेळ आणि कागदपत्रं लागणार होती. मी उड्या मारत नानांना सांगायला गेले.

नाना म्हणाले, "म्हंजी अर्धा स्लॅब." मग पासचं पुस्तक मिटत म्हणाले, "काल तर तेवढा बी नव्हता."

*

ऑडिटच्या दिवशी सकाळी बस गेटवर आली आणि सगळे जागच्या जागी थबकले. फसवणूकमुक्त दिवस: शून्य.

नाना स्टुलावरून उतरत होते. कुणी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "मी."

कुकर गेला. सगळे उभे. मला वाटलं, आता भडका उडणार.

शिल्पाताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो नाना. कुकर घरी हायच की. शिट्टी होत नाही, एवढंच." आयुष्यात पहिल्यांदा मला "जाऊ द्या" ऐकून बरं वाटलं.

साहेब धावत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "नाना, एक दिवस थांबला असता तर?"

"पैसं थांबत न्हाईत, साहेब."

तेवढ्यात कस्टमरची गाडी आत आली. त्यांचे मुख्य ऑडिटर उतरले. पांढरं हेल्मेट, बारीक चष्मा. या माणसाला चाकणचा अख्खा औद्योगिक पट्टा घाबरतो. त्यांनी नियमाप्रमाणे नानांकडे मोबाइल जमा केला आणि वर बघितलं.

"हा बोर्ड कसला? आणि शून्य का?"

साहेब घाईने बोर्डासमोर येऊन उभे राहिले. नाना म्हणाले, "परवा मी फसलो, साहेब. काल तक्रार केली. म्हनून शून्य."

"आणि हे तुम्ही ऑडिटच्या दिवशी लावलंत?"

"शेजारचा बोर्ड बी मीच लावतो. बोट तुटलं तर आडिट हाय म्हनून झाकून ठिवायचं का?"

ऑडिटर वहीत काहीही न लिहिता आत गेले.

चहाच्या सुट्टीत मी टेबलावर बसले आणि बघते तर रांग! प्रेस शॉपचा तो गडी, कर्जाच्या अॅपवाला, शेअर बाजारवाला. दुसरी कंपनी सगळीच्या सगळी आमच्याच कँटीनमध्ये निघाली. नाना शेजारी पासचं पुस्तक घेऊन बसले होते, एकेकाला लॉकरचा पास फाडून देत.

रांग संपत आली. मी मान खाली घालून लिहीत होते. समोर कुणीतरी खुर्ची ओढली. आधी टेबलावर एक पांढरं हेल्मेट ठेवलं गेलं. मग खाली वाकून कुणीतरी अगदी हळू आवाजात म्हणालं,

"मॅडम, माझा एक मित्र आहे. दुसऱ्या कंपनीत."

मी काही बोलायच्या आत नानांनी पुस्तकाचं नवं पान उलटलं आणि पेन उघडलं.

"कारण काय लिहू, साहेब?"